आकाराला हरकत नाही

४ फेब्रुवारी, मंगळवार

चि. भांडकुदळबाईस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी खुशाली आईच्या फोनवरून कळते. म्हणजे ती तुझ्याशी बोलते आणि मी पेपर तोंडासमोर धरून ऐकतो. तिला ते ठाऊक आहे, म्हणून ती तुझं प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणते. "काय म्हणतेस, सर्दी झालीय?" मग मी पान उलटतो. दोन वर्षं आमचं हे नाटक चाललंय आणि अजून दोघांपैकी कुणी कंटाळलेलं नाही.

आईच्या गुडघ्याचं तेच. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला. तेव्हापासून ती दिवसातून एकदाच वर जाते, आणि वर पोचली की खाली काहीतरी राहिल्याचं तिला आठवतं. मग माझी वरात खालून वर. माझा रक्तदाब बरा आहे, असं मी सांगतो. यंत्र वेगळं सांगतं.

आता पत्राचं कारण. काल डायरेक्टरनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि सांगितलं की नव्या कॉइलचा आकार तपासायला जी बाहेरची समिती नेमली आहे, तिच्यात तुझं नाव आहे. कणांचा भाग तूच तपासणार. मी म्हटलं, "अहो, ती माझी मुलगी आहे." तर म्हणतात, "म्हणूनच तर. तुमच्या दोघांतून विस्तव जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तिने पास केलं तर कोण बोट ठेवणार?" मला हसावं की रडावं कळेना. आपल्या विषयात माणसंच इतकी मोजकी की समिती नेमायची म्हटलं तरी घरातलं कार्य असल्यासारखं होतं. रुसलेली माणसं तेवढी परकी समजायची.

म्हणजे तुझ्या-माझ्या अबोल्याचाही प्रकल्पाला उपयोग झाला म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभेची आठवण तुला करून द्यायला नको. तू उठून नीट विचारलं होतंस. आतल्या वळणावर क्षेत्राला खळगे पडताहेत, त्यात जलद कण अडकतील आणि हळूहळू बाहेर वाहत जातील, त्याचं काय? मी म्हणालो होतो, "बाई, आधी एखादं वेटोळं स्वतःच्या हाताने गुंडाळून बघा, मग कणांचं बोलू." सगळे हसले. तू खाली बसलीस. मला तेव्हा वाटलं होतं, काय झकास सुचलं आपल्याला.

परवा जेवताना आईने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "तुमचं बापलेकीचं भांडण नक्की कशावरून, ते मला एकदा समजेल असं सांगा. मला लोक विचारतात आणि मी कॉइल, कॉइल करते." मग मी सायकलची जुनी ट्यूब आणली, हवा भरली आणि कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या तिच्याभोवती पिळत पिळत गुंडाळल्या. म्हटलं, ही ट्यूब म्हणजे आतला प्लाझ्मा. इतका तापलेला वायू की त्याच्यापुढे कुठलंही भांडं टिकत नाही. या दोऱ्या म्हणजे कॉइल. त्यांच्यातून वीज सोडली की त्यांचं चुंबकत्व त्याला भिंतीला न लागू देता अधांतरी धरून ठेवतं. दोरीचा पीळ कुठे घट्ट आणि कुठे सैल, यावर सगळं. तो कुठे बसणार, किती टिकणार, सगळं त्या आकारावर. माझ्या आकारात आतल्या बाजूला कॉइल आणि प्लाझ्मा यांच्यामध्ये जाड आवरण बसवायला जागा राहते. आवरणाशिवाय आतल्या किरणांच्या माऱ्याने कॉइलची वाट लागेल. तुझ्या लेकीचं म्हणणं असं की ती जागा काढायच्या नादात मी तिथला पीळ बिघडवला. वायू पेटला की त्यातून जे जलद कण निघतात, तेच त्याला पुढे तापता ठेवतात. ते त्या वळणावर निसटणार, आणि पेटलेली चूल लगेच विझणार.

आईने ट्यूब हातात घेऊन फिरवून बघितली. मग म्हणाली, "मग बरोबर कोण?"

मी म्हटलं, "पाणी दे जरा."

इकडे गुंडाळणीच्या हॉलमध्ये तयारी पुरी झाली आहे. आमचा पैलवान आठवतो ना, तो काडीसारखा फोरमन? त्याने बायकोमुलांना इकडेच आणलं, मुलांची शाळा बदलली. तार ज्यात बसवायची त्या कड्याच्या लाकडी नमुन्यावर त्याची माणसं वर्षभर सराव करताहेत, नकली तार घालायची, काढायची, परत घालायची. खरी तार घातली की काढता येत नाही, प्रत्येक थर राळेत बसतो, म्हणून एवढी तालीम. ती माणसं जेवायलासुद्धा हात पुसून, बोटं जपून बसतात. डायरेक्टरांचं म्हणणं असं की समितीने आकार परत पाठवला तर मोठं कडं, नवी मांडणी, सगळं पहिल्यापासून, आणि त्याला मंजुरी मिळणं शक्य नाही. वरची मंडळी निमित्तच शोधत बसली आहेत. गाशा गुंडाळावा लागेल म्हणतात. ते त्यांचं म्हणणं, तू मनावर घेऊ नकोस.

हे मी दडपण म्हणून लिहीत नाही. तू तुझं काम कर, मी कुणी परका आहे असं धरून कर. एवढंच सांगायचं होतं.

आई म्हणते वाफ घे आणि केस ओले ठेवू नकोस.

तुझा,
बाबा


२७ फेब्रुवारी, गुरुवार

चि. भांडकुदळबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला उत्तर नाही, पण पत्र पोचलं हे आईकडून कळलं. "बाबांचं पत्र आलंय, वाचलं," एवढंच म्हणालीस म्हणे. बरं झालं. समितीवर असताना तू मला काही लिहावंस अशी अपेक्षा नाहीच. मी मात्र लिहितो. बाप म्हणून लिहितो, त्याला कुठला नियम आड येत नसावा.

गेल्या आठवड्यात आपलं छोटं यंत्र बंद झालं. आपलं म्हणतो, कारण शाळेतून आलीस की तू त्याच्या नियंत्रणकक्षात गृहपाठ करायचीस आणि प्रयोगाची घंटा झाली की कानात बोटं घालायचीस. शेवटचा प्रयोग बघायला सगळे जमले होते, निवृत्त झालेलेसुद्धा. पडद्यावर प्लाझ्मा अगदी गुणी मुलासारखा जागच्या जागी बसून राहिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग पंप बंद केले आणि हॉल एकदम शांत झाला. पैलवान म्हणाला, "साहेब, हे चाललं तसं मोठंही चालणार." मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्या छोट्या यंत्रात एकही कण निसटला नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. पण निसटायला तिथे ते जलद कण होतेच कुठे? वायू तेवढा तापतच नव्हता. तू त्या सभेत पुढे हेच म्हणणार होतीस बहुतेक. मी बोलू दिलं नाही.

जानेवारीत आई मावशीकडे गेली होती. घर रिकामं होतं, तेव्हा मीही तो भाग जरा मांडून बघितला. तुझ्या पद्धतीने. ते असो. भेटशील तेव्हा बोलू.

झोप कमी झाली आहे. वय झालं, दुसरं काय. पुढच्या वर्षी निवृत्त होईन, तेव्हा ही कॉइल शेवटचीच. निरोप समारंभाला छत्री देतात की घड्याळ यावर ऑफिसात पैजा लागल्या आहेत. मला दोन्हीचा उपयोग नाही.

आणखी एक. परवा तू आईला फोनवर विचारलंस, "बाबांना काय वाटतं?" मी शेजारीच बसलो होतो. आईने परस्पर उत्तर दिलं, "त्यांना काय वाटणार, त्यांचा जीव त्या कॉइलमध्ये अडकलाय. तेवढी झाली की सुटले." मी तिच्या हातातून फोन घ्यायला हवा होता. हात पुढे केलाही होता, मग वाटलं, कशाला, तू समितीवर आहेस, उगाच बोलणं नको. चष्मा उचलला आणि पुसत बसलो.

पुढच्या आठवड्यात तुमची बैठक आहे. जे दिसेल ते लिही. तुला जे दिसतं ते मला नेहमीच उशिरा दिसतं, हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणालो नाही, पण आईजवळ म्हटलेलं आहे. माझी काळजी करू नकोस. मला काही होत नाही.

तुझा,
बाबा


१९ एप्रिल, शनिवार

चि. मुली,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी, त्यामुळे पाठ झाली. "बाबा, तुमच्या दोन्ही पत्रांत जे मागितलं होतं ते दिलं. आता तिसरं लिहू नका."

तरी लिहितो आहे. हे वाचून फाडून टाक, पण वाच.

बैठकीच्या दिवशी मी सकाळपासून खोलीत बसून होतो. आकार परत आला तर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पैलवानाला काय सांगायचं तेही. खरं सांगतो, त्या सकाळी मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटत होतं. वाटत होतं, आज एकदाची ही ब्याद टळणार. तू टाळणार. मग मी दोन दिवस तोंड पाडून हिंडणार, लोक म्हणणार बिचारा, पोरीनेच पाय ओढले, आणि मग संपणार सगळं.

दुपारी कॅन्टीनमध्ये डायरेक्टर आले ते हात पसरून. "अहो, पोरीने पास केलं. आकाराला हरकत नाही म्हणते. जलद कणांची गळती मर्यादेत आहे." चार लोकांनी माझा हात हातात घेतला. मी हसलो. काय करणार? मग हात धुवायच्या निमित्ताने आत गेलो आणि नळ सोडून तिथेच उभा राहिलो. बाहेरून कुणीतरी विचारलं, पाणी वाया का घालवताय.

मर्यादेत. हा शब्द लिहिताना तुझा हात कसा चालला असेल, ते मी सारखं डोळ्यांसमोर आणतो. लहानपणी वहीत एक अंक खोडावा लागला तर तू पूर्ण पान नव्याने लिहायचीस.

घरी आल्यावर आईने दारातच ऐकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मावशीला फोन केला, मग शेजारणीला हाक मारली. "बापलेकीचं जमलं एकदाचं," प्रत्येकीला हेच. कॉइलचं तिला काही नाही, बाई. तिला वाटतं, तू मला माफ केलंस. आता ती तुझी खोली झाडून ठेवते आहे. गुडघा दुखतो तरी रोज वर जाते. मी तिला काय सांगू?

ते एक वाक्य, जे मी दोन्ही पत्रांत लिहिलं नाही, ते आता लिहितो. तुझं बरोबर आहे. मी स्वतः मांडून बघितलं, परत बघितलं, पद्धत बदलून बघितलं. आतल्या वळणावर निम्म्याहून जास्त जलद कण आपली उष्णता देण्याआधीच भिंतीवर आदळतात. ही कॉइल प्लाझ्मा धरील, छान धरील, पण तो पेटता राहणार नाही. पीळ सुधारायचा तर प्लाझ्मा आत ओढावा लागतो आणि मग आवरणाला जागा उरत नाही. या कड्यात दोन्ही बसत नाही. हे मला पहिल्या पत्राच्या आधीपासून माहीत होतं. आईने विचारलं, बरोबर कोण, तेव्हाही माहीत होतं.

मग लिहिलं का नाही? मी हा प्रश्न स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की आता तो प्रश्नच वाटत नाही. मला वाटत होतं, हे माझ्या तोंडून निघालं तर मी माझ्या हाताने सगळ्यांच्या पोटावर पाय दिल्यासारखं होईल. तुझ्या तोंडून निघालं तर ती तपासणी. तुला मी ओळखून होतो. म्हटलं, ही काही बापाची भीड धरणारी नाही, भरसभेत उठून विचारलं होतं हिने. ही थांबवील. मी फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं मला जमतं.

पण मी गप्पही बसलो नाही ना. तुला पैलवानाच्या मुलांच्या शाळेचं लिहिलं. गाशा गुंडाळण्याचं लिहिलं. निवृत्ती, झोप, आईचा गुडघा, सगळं लिहिलं. मला वाटत होतं मी नुसती बातमी देतोय. तुझी चिठ्ठी आल्यावर ती पत्रं मी मनातल्या मनात तुझ्या खुर्चीत बसून वाचली. अगं, ती सरळ सरळ याचना आहे. कुणीही वाचली तरी हाच अर्थ निघेल, म्हातारा पदर पसरतोय. "परका आहे असं धरून कर" हे वाक्य मी मानभावीपणे मध्ये टाकलं होतं, ते तुला तसंच दिसलं असणार.

आणि याहून वाईट म्हणजे, मी तेच मागत नव्हतो असं मला आता छातीठोकपणे सांगता येत नाही. सकाळी हलकं वाटत होतं हे खरं. आणि डायरेक्टर हात पसरून आले तेव्हा, पहिल्या क्षणी, नळापर्यंत पोचायच्या आधी, मला आनंद झाला होता हेही खरं.

तू दयेने केलंस की रागाने, मला कळत नाही. घ्या, बसा आपली कॉइल कवटाळून, असंही असू शकेल. दयेने केलं असशील तर मी तुला खोटं लिहायला लावलं. रागाने केलं असशील तर मी तुला इतकं दुखावलं होतं की तू तुझं कामही पणाला लावलंस. कुठूनही बघितलं तरी मीच दिसतो. आई सांगत होती की तू संशोधन सोडून शिकवायची नोकरी धरते आहेस. आईला वाटतं तुला सुट्ट्या जास्त मिळतील.

पंधरा दिवसांपूर्वी गुंडाळणी सुरू झाली. पहिला वेढा मी सुरू करावा अशी सगळ्यांची इच्छा. पैलवानाने नवा शर्ट घातला होता. यंत्राचं डोकं कड्याच्या तोंडाशी आणून ठेवलेलं, तार खोबणीत टेकलेली, सगळे पायांत ते कापडी मोजे चढवून भिंतीशी उभे. मी मनाशी ठरवून गेलो होतो, तिथे बोलायचं. एकच वाक्य, थांबा, आकार चुकलाय. तोंड उघडलंसुद्धा. तेव्हा डायरेक्टर शेजारच्या पाहुण्याला सांगत होते, "यांच्या मुलीनेच तपासलाय आकार, फार कडक बाई आहे." आणि माझ्या लक्षात आलं की आता मी बोललो तर पहिली खोटी पडशील ती तू. बापासाठी लबाडी केली म्हणतील. शिकवायची नोकरीही राहायची नाही. जी गोष्ट जानेवारीत मी एकट्याने बोललो असतो तर एकटाच बुडालो असतो, तिच्यात आता तू माझ्या आधी बुडतेस. सगळे माझ्याकडे बघत होते. मी बटण दाबलं.

पहिला थर परवा पुरा झाला. राळ वाळली आहे. मी रोज हॉलमध्ये जातो आणि आतल्या वळणापाशी उभा राहतो. पैलवानाला वाटतं, साहेब कौतुकाने बघताहेत. तो मला तिथे खुर्ची आणून देतो. काम चोख चाललंय त्यांचं, केसाचाही फरक नाही. सांगितला तस्साच आकार उतरतोय. सहा वर्षं लागतील पुरी गुंडाळायला. ती माणसं तोवर त्या हॉलमध्ये म्हातारी होतील, आणि शेवटी प्लाझ्मा पेटता राहायचा नाही, तेव्हा त्यांना वाटेल, आपल्याच हातून कुठेतरी चुकलं.

तुला ये म्हणत नाही. आई ये म्हणेल, तेव्हा तिला काहीतरी कारण सांग, पटेल असं.

हे पत्र मी सही करून पाठवतो आहे. यात मी सगळं कबूल केलं आहे, आकाराचंही आणि मला कधीपासून माहीत होतं त्याचंही. तुला वाटलं तर डायरेक्टरना दाखव, गुंडाळणी थांबेल. नाही वाटलं तर ठेवून दे. मी काही म्हणणार नाही.

आत्ता हे वरचं लिहिलेलं वाचलं. बघ, परत तुझ्याच हातात दिलं. दुसरं काही मला येत नाही.

बाबा